क्वाड्रुपोल मास स्पेक: दुपारी पीक सरकायलाय, मदत हवी (अर्जंट)

होटगीरोडकर: मास स्पेक (वायूतले रेणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र) सगळं जोडून झालं, व्हॅक्यूम पण आलं, कॉम्प्युटरवरून स्कॅन पण होतोय पण सकाळी पाण्याचा पीक (आलेखातला सुळका) बरोब्बर १८ वस्तुमानावर असतो न् दुपारी तोच १७.८ वर दिसायलाय, प्रोग्राम परत परत तपासला. सोमवारी सरांना दाखवायचंय, लवकर सांगा.

नळीवाला: प्रेशर किती? पंप कुठला? आरएफ बोर्ड (रॉडना उच्च वारंवारतेचं व्होल्टेज देणारा) विकतचा का घरचा? आम्ही काय ज्योतिषी आहोत का?

होटगीरोडकर: टर्बो आहे. बोर्ड मीच केलाय. प्रेशर चांगलंय.

नळीवाला: चांगलंय म्हणजे?? आधी लीक बघ. २८ चा (नायट्रोजन) पीक ३२ च्या (ऑक्सिजन) साधारण चौपट न् ४० वर आर्गॉन दिसला की हवा आत शिरतीय समज. फुगेवाल्याकडून हेलियम आण, फ्लँजवर (जोडावर) सोड, हेलियमच्या ४ वर नजर ठेव.

उगाच_इंजिनियर: लीकनं पीक वाढंल, सरकंल कसा?

नळीवाला: पंपातच केस पांढरे केलेत भाऊ, सगळ्या रोगाचं मूळ लीकच.

पेंग्विनप्रेमी: विंडोज काढून लिनक्स टाका.

बार्शीचा_दादा: यात दुधातली भेसळ कळंल का? आमच्याकडं लय गरज आहे.

उगाच_इंजिनियर: दादा, नवीन धागा काढा की. होटगीरोडकर, ४४ चा पीक (कार्बन डायऑक्साइड) किती सरकतो?

होटगीरोडकर: ४३.५ वर जायलाय.

उगाच_इंजिनियर: मग झालं की. दोन्ही सारखेच ०.२ नं सरकले असते तर डॅकचा (आकड्याचं व्होल्टेज करणाऱ्या चिपचा) झिरो हलला म्हटलं असतं. इथं दोन्ही एक टक्क्याच्या आसपास खाली आलेत, म्हणजे आरएफचं व्होल्टेज तेवढं वाढलंय. फीडबॅकला (आरएफ मोजून बोर्डाला कळवणाऱ्या भागाला) साधा एक्स-सेव्हन-आर सिरॅमिक कपॅसिटर लावलायस ना? तो तापला की त्याची किंमत उतरते, बोर्डाला वाटतं आरएफ कमी पडलं, म्हणून तो वाढवत बसतो. आपल्याकडं मे महिन्यात ४२ डिग्री, वर बंद डबा. हेअर ड्रायरनं लांबून त्यालाच गरम कर न् ४४ बघ, सरकला तर सी-झिरो-जी (तापला तरी किंमत न बदलणारा कपॅसिटर) टाक. हात लावू नको, आरएफ चटका देतं.

पेंग्विनप्रेमी: किंवा एसी लावा.

होटगीरोडकर: लाइट असती तर लावला असता. सी-झिरो-जी सोलापुरात मिळंना.

नळीवाला: सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकड, पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचार.

उगाच_इंजिनियर: किती व्होल्टचा पाहिजे ते लिहून ने, नाहीतर ५० व्होल्टवाला हातात देतील.