रानटी, रानवट की रानातली?

लेक नववीत आहे, शाळेच्या नाटुकल्यात हिडिंबेची ओळख तिने "एक रानटी बाई" अशी लिहिलीय आणि मला ते वाचल्यापासून खटकतंय. तसा रानटी म्हणजे रानातलाच ना? दोडामार्गात हत्ती उतरले की आपण रानटी हत्ती म्हणतो, त्यात शिवी नसते. मग माणसाला लावला की क्रूर, असंस्कृत असा अर्थ का होतो?

— ताई, मी अलिबागची. आमच्याकडे पहिला पाऊस झाला की कातकरणी शेवळं ही रानातली भाजी घेऊन बसतात. एकदा मी काकडं, म्हणजे त्या भाजीत घालायची आंबट रानफळं, नको म्हटलं तर मावशींनी पिशवीत कोंबलीच, "ने, नायतर घसा खाजंल." शेवळाची खाज काकडांनी मारायची हे त्यांना पक्कं ठाऊक, पण आपण त्याला ज्ञान म्हणत नाही, भाजीला कौतुकाने रानभाजी म्हणतो आणि ती आणणारी मात्र रानटी! शबरीचंही तेच झालं. वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती रामाला सांगते की तुझ्यासाठी नाना प्रकारचं 'वन्य' जमवून ठेवलंय, म्हणजे पंपेकाठच्या रानातलं खाणं. उष्टी बोरं तिथे नाहीतच, ती नंतरच्या कथांतली, पण आपल्या लक्षात राहिली ती भोळी म्हातारीच. आणि लाक्षागृहात पाच मुलांसकट जळाली तिला तर महाभारत नुसतं 'निषादी' म्हणतं, नावसुद्धा नाही. महाश्वेतादेवींनी बंगालीत यावर कथा लिहिली, त्यात उतारवयात वनात आलेल्या कुंतीला एक निषादी त्या सहा जिवांचा जाब विचारते. तिथे रानटी शब्द घालून बघा, सगळी कथाच उलटी होते.

— मग वनकन्या लिहू का?

— नको हो, तेही नको. पर्यावरणीय स्त्रीवाद हा शब्द फ्रान्समध्ये १९७४ साली फ्रान्स्वाज द'ओबोन यांनी आणला तो बाईवर आणि जमिनीवर चालणाऱ्या पुरुषी सत्तेबद्दल बोलायला, बाई म्हणजेच निसर्ग असं गोड गोड म्हणायला नाही. वनकन्या म्हटलं की डोक्यात गजरे नि वेली येतात, दळीच्या, म्हणजे डोंगरउतारावर कसत आलेल्या रानातल्या जमिनीसाठी दाव्याचे कागद घेऊन फिरणारी कातकरीण येत नाही. मी तरी 'रानातली' लिहीन. रानवट नको, त्यालाही गावंढळपणाचा वास आहे.

— लेकीला वाचून दाखवलं. तिने ती ओळ खोडून "त्या रानातल्या वाटा तिला पाठ होत्या" असं लिहिलंय. चालेल ना?