व्हाइट रिव्हरवर ट्राउटसाठी जातोय, धरणाचं वेळापत्रक कसं वाचायचं?

गळकरी:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या मध्यात आम्ही तिघं अमेरिकेतल्या आर्कान्सात व्हाइट रिव्हरवर ट्राउट माशांसाठी जातोय. मुक्काम कॉटरजवळ. फ्लायने, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्याने, मासेमारीची सवय तिघांनाही आहे, पण ती डोंगरातल्या ओढ्यांवरची. धरणाखालची नदी पहिल्यांदाच. बुल शोल्स धरणाचं दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक उघडलं, तर प्रत्येक तासासमोर नुसते मेगावॅट! यावरून पाण्यात उतरायचं की नाही हे कसं ठरवायचं? आमच्यातल्या एकाला पोहता येत नाही. होडी घ्यावी, की काठाने उभं राहून भागेल?

काठावरचा:
मेगावॅटवरून पाण्याचा अंदाज सहज निघतो. बुल शोल्सला आठ युनिटं (वीज बनवणारी टर्बाइनं), सगळी मिळून 340 मेगावॅट. म्हणजे एका युनिटला 40-45 धरा, आणि त्यामागे खाली साधारण तीन हजार क्युसेक. आकडा शून्याच्या आसपास असेल तर फक्त किमान विसर्ग चालू आहे, 800 क्युसेकच्या जवळपास. तेव्हा शोल्सवर, म्हणजे उथळ खडकाळ पट्ट्यांत, आरामात उभं राहता येतं. एक युनिट पूर्ण चालू असेल तर ओळखीच्या जागी, काठ न सोडता. त्याच्या पुढे वेडर्स (पाण्यात उभं राहायच्या जलरोधक विजारी) गाडीतच राहू द्या.

पण खरी गोम तासांत आहे. वेळापत्रकातली वेळ धरणाजवळची असते आणि तुम्ही असणार कित्येक मैल खाली. सकाळी सातला युनिट सुरू झालं तर कॉटरला पाणी चढायला काही तास जातात. बंद झाल्यावरही तसंच: वर नदी उतरलेली असते, खाली अजून भरून वाहते. म्हणून मी वेळापत्रक आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवतो. पहाटे धरणाजवळ, पाणी सुटलं की गाडीत बसायचं आणि त्याच्या आधी खाली वाइल्डकॅट शोल्स किंवा रिम शोल्स गाठायचं. रस्त्याने माणूस पाण्याच्या पुढे पळतो. संध्याकाळी युनिटं बंद झाली की उलट, पुन्हा वर.

एक सवय लावून घ्या. पाण्यात उतरताना अर्धा बुडालेला एक दगड हेरून ठेवा आणि दर थोड्या वेळाने त्याच्याकडे बघा. दगड बुडायला लागला, किंवा पाण्यावरून पानं-काटक्या वाहत यायला लागल्या, की लागलेला मासासुद्धा काठाकडे चालता चालता ओढायचा. धरणाचा भोंगा धरणाजवळच्यांसाठी, तुम्हाला तो ऐकू येणार नाही. आणि उतरलात त्याच काठाने परत या. मधली धार ओलांडून पलीकडे जाण्याचा मोह नको. लोक अडकतात ते तिथेच.

वेळापत्रक हा अंदाज आहे, वचन नव्हे. विजेची मागणी वाढली की मधेच युनिट सुरू करतात.

रेनबोवाली:
वरचं सगळं बरोबर. ऑक्टोबरबद्दल थोडं सांगते, कारण या महिन्याचा प्रश्न वेगळा असतो. धरण अडीचशे फूट उंच आणि टर्बाइनला पाणी मिळतं ते तलावाच्या खोल थरातलं. म्हणून तर या भागात ट्राउट जगतो. 1951 पूर्वी ही कोमट पाण्याच्या माशांची नदी होती. पण उन्हाळाभर तळाच्या त्या थरात वरचं पाणी मिसळत नाही, त्यामुळे शरद ऋतूत तिथला प्राणवायू घटलेला असतो आणि तेच पाणी नदीत येतं. धरणाजवळचे मासे तेव्हा सुस्तावतात. थोडं खाली, जिथे पाणी दगडांवर आपटून खळखळलंय, तिथे जा. मासा फार दमवू नका, सोडायचा असेल तर पाण्याबाहेर काढूच नका.

दुसरं म्हणजे ब्राउन ट्राउट अंडी घालण्यासाठी याच सुमारास वर सरकायला लागतात. रेती-खड्यांत आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखा गोल पट्टा दिसला की ती अंड्यांची जागा; त्यावर पाय नको आणि तिथल्या माशावर गळही नको.

फ्लायचं सांगायचं तर ओढ्यावरच्या मोठ्या सुक्या (पाण्यावर तरंगणाऱ्या) फ्लाय घरी ठेवा. इथे खाणं तळाशी. सोबग, स्कड, झीब्रा मिज या पाण्यातल्या बारीक जिवांसारख्या फ्लाय, 16-18 नंबरच्या छोट्या गळावर, वर मासा लागल्याचं दाखवणारा तरंगता इंडिकेटर, 5एक्स किंवा 6एक्स टिपेट (गळाजवळचा बारीक दोरा). आर्कान्साबाहेरच्यांना परवान्यासोबत ट्राउट परमिट वेगळं लागतं. कॅच-अँड-रिलीज, म्हणजे पकडलेला मासा सोडूनच द्यायच्या पट्ट्यांत एकच गळ, तोही टोकाला उलटा काटा नसलेला, आणि कृत्रिम आमिष, रिम शोल्सचा पट्टा त्यातलाच.

गळकरी:
दोघांचे आभार. दगडाची युक्ती आवडली. पण आम्ही पोचलो आणि दिवसभर पाच-सहा युनिटं चालूच असली तर?

काठावरचा:
तसं होऊ शकतं, आणि त्याची चाहूल निघण्याआधीच लागते. तलावाची पातळी बघा. वीजनिर्मितीसाठीची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून 659 फूट. तलाव त्याच्या बराच वर असेल तर साठलेलं पुराचं पाणी कधीतरी सोडावंच लागणार. किती सोडायचं ते खाली न्यूपोर्टजवळ नदी किती भरली आहे यावरही ठरतं, त्यामुळे तुमच्या डोक्यावर ढग नसतानाही नदी दिवसचे दिवस दुथडी वाहते. वरच्या टेबल रॉक तलावाकडेही नजर टाका, त्याचं पाणी शेवटी बुल शोल्समध्येच येतं.

असं असेल तर नॉरफोर्क धरणाचं वेळापत्रक बघा. तिथे दोनच युनिटं, खालचा पट्टा जेमतेम पाचेक मैलांचा, मग ती नदी व्हाइटलाच मिळते. दोन्हीकडे एकाच वेळी पाणी बंद असेलच असं नाही, पण एकीकडे तरी जागा मिळण्याची शक्यता वाढते. मात्र तिथे पाणी फार पटकन चढतं, कारण पळायला अंतरच नाही.

आणि न पोहणाऱ्याबद्दल: मोठ्या पाण्याच्या दिवशी स्थानिक गाइडसोबत होडी. इथल्या लांब, सपाट तळाच्या जॉनबोटी त्यासाठीच आहेत, आणि भरल्या नदीत मासे काठाच्या आडोशाला येतात तेव्हा होडीतूनच मजा येते. लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही.

रेनबोवाली:
जॅकेट उभं राहतानाही घालू दे त्याला. वेडर्सचा कमरपट्टा घट्ट बांधायला सांगा आणि हातात काठी द्या. तिघंही जाणार असाल तर एकाने आळीपाळीने काठावर थांबा, वरच्या दिशेला तोंड करून. आमच्यात यावरून भांडण होतं, पण थांबतो.

गळकरी:
ठरलं. शनिवार-रविवारचा मुक्काम वाढवू का? त्या दिवशी विजेची मागणी कमी म्हणतात.

काठावरचा:
बऱ्याचदा कमी असते, हो. पण मग शोल्सवर माणसांचीही गर्दी असते. मला विचाराल तर रविवार संध्याकाळ आणि सोमवार पहाट धरा.