मदत हवी आहे: युद्धामुळे वैद्यकशास्त्र पुढे गेलं याचं पेनिसिलिन सोडून ठोस उदाहरण

मृण्मयी_के: लेकीची वादविवाद स्पर्धा आहे. पेनिसिलिनवर सगळं लिहून झालं होतं, पण सर म्हणाले तो शोध शांततेतला, चालणार नाही. गूगल करून झालंय. उद्या सकाळपर्यंत हवंय, प्लीज.

देशकर_काका: कितवीत आहे? वेळ किती? मुख्य म्हणजे बाजू कोणती?

ध्रुव७७: सरांचं अर्धंच बरोबर आहे. फ्लेमिंगला पेनिसिलिनची बुरशी दिसली १९२८ मध्ये. पण १९४१ मध्ये ऑक्सफर्डला एका पोलिसाला पेनिसिलिन दिलं, तेव्हा ते इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून काढून परत टोचावं लागलं. तो सुधारत होता, औषध संपलं, दगावला. पुढे युद्धासाठी अमेरिकेने कारखाने कामाला लावले, म्हणून १९४४ मध्ये नॉर्मंडीत जखमींना ते मिळालं. पेनिसिलिन सोडू नका!

मृण्मयी_के: नववी, चार मिनिटं, बाजू अर्थातच अनुकूल. ध्रुव, पेनिसिलिन नकोय हो, शीर्षकातच लिहिलंय.

डॉ_सायली: ओआरएस घ्या, म्हणजे जुलाबात पाजतात ते मीठ-साखरेचं पाणी. १९७१, बांगलादेश युद्ध, सीमेजवळच्या बनगावला (प. बंगाल) निर्वासितांमध्ये कॉलरा. सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशी पाकिटं करून घेतली आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. शंभरात वीस-तीस जात होते, ते चारच्या खाली आले. मी बालरोगतज्ज्ञ आहे, याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

ध्रुव७७: मग हेही शांततेतलंच! ढाक्यात नलिन आणि कॅश या डॉक्टरांनी १९६८ मध्येच रुग्णांवर दाखवलं होतं. सर हेही खोडतील.

डॉ_सायली: दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दाखवलं होतं. अडाणी आईसुद्धा हे पाजू शकते, यावर कोणाचा विश्वास नव्हता. छावणीत दुसरा इलाजच उरला नाही, म्हणून ते करून पाहिलं गेलं. शोध युद्धाने लावला नाही, तो वापरायला भाग पाडलं. मुलीला एवढंच ठासून मांडू दे, पेनिसिलिनचंही उत्तर त्यातच आहे.

सातारकर_बापू: अवांतर, पण आपल्या मातीतलं का नको? तिसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या लोकांनी इंग्रज फौजेचा गाडीवान कावसजी याचं नाक कापलं. पुण्याच्या बाजूला एका मराठी माणसाने कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. १७९४ मध्ये ते लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आलं आणि १८१४ मध्ये कार्प्यू या सर्जनने तिथे तसंच ऑपरेशन केलं.

नंदा_आजी: पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. आमच्या दिरांचा पाय तिथेच बसवला. कोणाला गरज असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

देशकर_काका: समोरचे १९१८ चा फ्लू काढतील. सैनिकांबरोबर तो मुंबई बंदरात उतरला होता. त्याचं उत्तर तयार ठेवा.

मृण्मयी_के: सायलीताई, ओआरएसच घेते. पण ती पाकिटं भरली कोणी, छावणीतच का? सर हमखास विचारतील.

डॉ_सायली: कोलकात्यात, महालनबीस यांच्याच संस्थेत. तिथून बनगावला नेली.