मदत हवी आहे : नाताळाच्या अद्रक कुकीज गार झाल्या की कडक व्हायल्यात

लातूरची_लेक
कुणीतरी लवकर सांगा, नाताळ तोंडावर आलाय. शेजारच्या ख्रिस्ती काकूंकडून दरवर्षी आम्हाला केक येतो, दिवाळीला आमच्याकडून फराळाचं ताट जातं. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून त्यांच्या आवडीच्या मऊ मसाला कुकीज मी करायलेय. ओव्हनमधून काढल्या की छान लागतात, गार झाल्या की दात लागत नाही. काकूंना दाढांचा त्रास आहे, मऊच पाहिजेत. सगळं रेसिपीप्रमाणे केलंय.

सुगरण_परभणी
ताई, कोणती रेसिपी? साखर कोणती, अंडं घातलं का, ओव्हन कोणता, किती वेळ ठेवल्या? काहीच लिहिलं नाहीये.

लातूरची_लेक
नेहमीचीच, अमेरिकन जिंजर कुकीजची. मैदा, साखर, अंडं, खायचा सोडा, सुंठ, दालचिनी, लवंग. बटरच्या जागी घरचं साजूक तूप. मोलॅसिस (साखर करताना उरणारा काळा, दाट पाक) इथं कुठं मिळायलंय, ते सोडलं.

भट्टीवाले_काका
घरच्या ओव्हनच्या नादी लागूच नका. मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीत नेऊन द्या. आमच्या नांदेडला लहानपणापासून असंच करतो. भट्टीतल्या नानकटाईची सर घरच्या ओव्हनला नाही. अशी खुसखुशीत होते की तोंडात विरघळते.

गोदाकाठ
काका, तिला खुसखुशीत नकोय, मऊ हवंय. ताई, मोलॅसिस सोडलं तिथंच सगळं अडलंय. त्याचं काम नुसतं रंग-चवीचं नाही. ते ओलावा धरून ठेवतं, म्हणून कुकी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. शिवाय ते थोडं आम्लधर्मी असतं, सोडा त्याच्यामुळे चांगला फुलतो. आपल्याकडे काकवी आहे की! गुऱ्हाळावरून आणा. पातळ असेल तर मंद आचेवर जरा आटवून, गार करून मग घाला. मोलॅसिसपेक्षा गोड आणि कमी कडवट असते, तेव्हा साखर चमचाभर कमी करा.

सुगरण_परभणी
गूळ किसून घातला तरी चालतो, मी तसंच करते.

गोदाकाठ
किसलेल्या गुळाचे खडे पीठात नीट विरघळत नाहीत, भाजताना तिथं चटके बसून कडक डाग पडतात. गूळच घालायचा तर चमचाभर पाण्यात वितळवून, गाळून, गार करून घाला.

वजनकाटा
काकवी ठीकच, पण तूपही बघा. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. म्हणून तुपातली कुकी नानकटाईच्या वळणावर जाते. आणि मैदा कसा मोजता? अमेरिकन कप मैदा म्हणजे साधारण १२५ ग्रॅम. डब्यात कप खुपसून दाबून भरला तर सहज दीडशे ग्रॅम होतो, त्यानंही कुकी कोरडी पडते.

भट्टीवाले_काका
तुपाला नावं ठेवू नका. मिठाचं बटर घालून कुणाचं भलं झालंय?

वजनकाटा
नावं कोण ठेवतंय काका? ज्याला खुसखुशीत हवं त्यानं तूप घालावं. इथं मऊ हवंय.

केकवेडी
अंडं नको असेल तर पाव वाटी घट्ट दही घाला. बिनअंड्याचा केक मी कुकरची शिट्टी काढून ठेवून करते, एकदम जाळीदार होतो.

सुगरण_परभणी
अगं, त्यांनी अंडं घातलंय, आणि केक कुणी विचारला नाहीये.

कन्नडकर
सुंठ कशाला? आमच्या कन्नड-खुलताबाद-फुलंब्री पट्ट्यात एवढं अद्रक पिकतं, ताजंच किसून घाला. भाव मिळत नाही म्हणून शेतकरी रडतोय आणि लोक पुड्या विकत आणतात.

गोदाकाठ
दादा, भावाचं दुखणं खरंच आहे. पण नुसतं ताजं अद्रक घातलं तर त्याच्या पाण्यानं कुकी पसरते. सुंठेचा तिखटपणा घशापर्यंत जातो, ताज्याचा वास वर येतो. सुंठ ठेवा आणि वर चमचाभर ताजं किसून, त्याचं पाणी पिळून काढून घाला.

सुगरण_परभणी
ताई, वेळ अजून सांगितला नाहीत. किती मिनिटं?

लातूरची_लेक
ओटीजी आहे, म्हणजे टोस्टर-ग्रिलवाला छोटा विजेचा ओव्हन. १८० वर वीस मिनिटं, मधला भाग घट्ट होईपर्यंत.

वजनकाटा
मग काकवी घालूनही त्या कडकच होतील. ओव्हन आधी तापवून १७५ वर नऊ-दहा मिनिटं बास. कडा बसलेल्या आणि मधला भाग फुगीर, कच्चट दिसतो तेव्हाच ट्रे बाहेर काढा. गरम ट्रेवर कुकी आणखी शिजत राहते, पाचेक मिनिटं हलवू नका. माझं माप देतो: मैदा २८० ग्रॅम, बटर १७०, साखर २००, काकवी ८५, अंडं एक, सोडा एक छोटा चमचा, सुंठ दोन छोटे चमचे, दालचिनी पाऊण, लवंगपूड अर्धा, मीठ पाव, मिठाचं बटर असेल तर वेगळं मीठ नको. पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग लिंबाएवढे गोळे करून साखरेत घोळवा. दाबून चपटे करू नका.

सुगरण_परभणी
आपल्याकडे डिसेंबरची हवा फार कोरडी असते, उघड्या ताटात ठेवू नका. पूर्ण गार झाल्या की घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत ब्रेडचा एक तुकडा. ब्रेड वाळतो, कुकी मऊ राहते.

लातूरची_लेक
काकवी आणि बटर आणलं. पहिला ट्रे दहा मिनिटांवर काढला. गार झाल्यावरही बोटानं दाबलं की दबतात! फक्त वर सगळीकडे भेगा पडल्यात. पीठ कोरडं झालं का?

वजनकाटा
नाही, या कुकीजना भेगा पडायलाच हव्यात. वरचा साखरेचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतलं पीठ फुगताना तो फाटतो. पुढचा ट्रे लावायच्या आधी तो पूर्ण गार करून घ्या, गरम ट्रेवर गोळे लगेच वितळून पसरतात.

सुगरण_परभणी
आणि त्या तुपातल्या कडक कुकीज टाकू नका ताई. मिक्सरमधून जाडसर काढून गरम दुधात घाला, मसाला आयता आहेच. काकूंना चावायचीही गरज नाही.