कण्हेर विषारी खरी, पण अशुभ?
कण्हेर विषारी आणि अशुभ, म्हणून दारात नको, असं काहीजण म्हणतात. विषारी आहे, दारात नको, इथवर मान्य. मुळापासून फुलापर्यंत विष आहे, पोटात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. पण ‘अशुभ’ हे काही पटलं नाही. कोल्हापूरजवळ हायवेच्या दुभाजकावर भर मे महिन्यात तीच गुलाबी फुललेली असते. शेळ्या तोंड लावत नाहीत (खुळ्या नव्हेत त्या!). पानांची रंध्रं (हवा-वाफ ये-जा करायची बारीक छिद्रं) खालच्या बाजूला केसाळ खळग्यांत दडलेली, त्यामुळं पाणी कमी उडतं.

हिरोशिमात तर १९४५ च्या अणुबॉम्बनंतर, आता इथं वर्षानुवर्षं काही उगवायचं नाही अशी बोलवा असताना, लवकर फुललेल्या झाडांत कण्हेर होती. १९७३ साली शहरानं तिला आपलं अधिकृत फूल केलं. छाटलेल्या फांद्या मात्र बंबात घालू नका, धूरही बाधतो.