गंगापूर रोड ठीक, पण ऑफिस अंबडला आहे ना?

नाशिकमध्ये घर कुठल्या भागात बघावं, या तुमच्या प्रश्नावर वरती सगळ्यांनी गंगापूर रोड सुचवलाय. मिस्टर केनियाचे, तुम्ही मराठी, मुलगी पहिलीत आणि नोकरी अंबड एमआयडीसीत, हे वाचून मी तरी पाथर्डी फाटा किंवा इंदिरानगर म्हणेन. ऑफिस हाकेच्या अंतरावर. गंगापूर रोडवरून रोज एवढ्या लांब यायचं कशाला?

शेजार सरमिसळ हवा असेल तर देवळाली कॅम्प बघाच. लष्करामुळे देशभरची माणसं, शिवाय पारशी, सिंधी, ख्रिस्ती. कुणी वळून बघत बसत नाही. तिथून ऑफिसला वडनेर-पाथर्डी रस्त्याने गेलात की द्वारका चौकातली कोंडी टळते. नाशिकरोडही नोटांची प्रेस आणि रेल्वेमुळे तसंच सरमिसळ.

बाकी आफ्रिका नाशिकला नवी नाही. इथल्या शरणपूरच्या ख्रिस्ती मिशनमध्ये गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकत. त्यातलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेला प्रसिद्ध संशोधक लिव्हिंगस्टन याचं शव घेऊन इंग्लंडला गेला. पुढे बरेच जण केनियातल्या मोम्बासाजवळच्या फ्रेरटाउन वसाहतीत स्थायिक झाले. मिस्टरांना सांगा, आवडेल.

घर बघायला मात्र दोघं मिळूनच जा. एजंट फोनवर ‘चालेल हो मॅडम’ म्हणतो. मालकाचा चेहरा समोरासमोर कळतो. सोसायटीच्या सेक्रेटरीशीही टोकन देण्याआधीच बोला.