पहिलीच्या वर्गातलं पालकांना कसं कळवता?

पहिलीच्या बाई, केज: माझ्या वर्गातले बरेच आईबाप दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जातात, लेकरं आजीजवळ. ग्रुपवर फोटो टाकते, पण आजीकडं साधा फोन. काल एका पोरीनं चिंचोके मांडून वीसपर्यंत मोजलं, एकही न चुकता. हे तिच्या आईला कळायलाच पाहिजे. काय करू?

गुरुजी, परळी: बाई, पोरीचाच आवाज पाठवा, मिनिटभर. फडावर रात्री निवांत ऐकतात.

अंगणवाडी ताई: 2022 च्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यापासून आयांचे माता गट आहेत ना? त्यात आज्यांना घ्या. शनिवारी वर्गात बसवा, चिंचोके त्यांच्याच हाती द्या.

एक पालक, सध्या फडावर: आवाजच बरा. बायकोला वाचता येत नाही. अन् लेकरू शाळेत आलं का, तेवढं रोज सांगत जा बाई.